मी टोचले नव्हते

मित्रांनो, तलवार आपली कहाणी सांगायला बसली की तुम्ही मांडी ठोकून ऐकता. वडाचं झाड बोललं, मोडकी मोटार बोलली, तरी कान देता. माझी पाळी आली की मात्र तुम्हाला हसू येतं, हे मला ठाऊक आहे. असू द्या. मी एक जुनी सेफ्टी पिन आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी, एका टोकाला टोपी, दुसऱ्या टोकाला वेटोळं. अंगावरचा मुलामा कधीच गेला, पण तारेत अजून दम आहे. माझ्यावर एकदा भर गर्दीत खोटा आळ आला होता. तो धुऊन काढावा म्हणून आज तोंड उघडते आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तार ओढली, कापली, टोक घासलं, वाकवली, टोपी बसवली, की झालं. आम्हां बाराजणींना एका पुठ्ठ्यावर टोचून कोल्हापूरला पाठवलं. तिथं महाद्वार रोडला नजीराचाचींचं बांगड्यांचं दुकान होतं. लग्नाचा चुडा भरायला आलेल्या नवरीला चाची पिनांचा एक पुठ्ठा वरून द्यायच्या. “बांगडी फुटंल, पर ही जल्मभर पुरंल बघ,” असं म्हणायच्या. तसा आमचा पुठ्ठा शालूबाई नावाच्या नवरीच्या ओटीत पडला. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली.

बारापैकी अकराजणी कुठं गेल्या, विचारू नका. शेजारणीनं नेलेली पिन परत येत नाही, हे कुठल्याही बाईला विचारा. मी तेवढी राहिले, कारण शालूबाईनं मला मंगळसूत्रात अडकवलं. कुणाला अगदीच नड असली तर ती मला काढायची, पण हातात कधी द्यायची नाही. टोकदार वस्तू हातातून हातात दिली की भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून ती मला आधी जमिनीवर ठेवायची, मग मागणारीनं उचलायचं. पाहुणी उठायच्या आत मी पुन्हा माझ्या जागेवर आलेली असायची.

माझं काम झाकायचं. हूक तुटला, मला लावा. शिवण उसवली, मला लावा. पदर ढळला, मला लावा. तीस वर्षांत मी शालूबाईचं काय काय झाकलं त्याला गणती नाही, आणि एवढ्या वर्षांत तिला एकदाही टोचले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण तर जणू आम्हां पिनांसाठीच निघाली, असं मला वाटायचं. मला त्याचा गर्व होता.

शालूबाईचं घर गंगावेशीत. घरात तीन म्हशी. ती आणि तिचे मालक हंबीरराव रोज सकाळ-संध्याकाळ म्हशी दूधकट्ट्यावर नेतात. गिऱ्हाईक पेला घेऊन समोर उभं राहतं, धार थेट पेल्यात पडते, आणि मिशीचा फेस पुसायच्या आधीच माणूस दुसरा पेला मागतो. हंबीररावांच्या आज्यापासून कट्ट्यावरची ती जागा त्यांची. त्यातली चंद्री नावाची म्हैस शालूबाईची विशेष लाडकी, आणि तिचा स्वभावही मालकिणीसारखाच, दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू न देणारा.

धार काढायच्या आधी शालूबाई म्हशीच्या कासेवरून हात फिरवते. चारी सडं चाचपते. बारीकशी गाठ लागली तरी त्याच दिवशी जनावरांचे डॉक्टर दारात. गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीत चंद्रीला दगडी झाली. दगडी म्हणजे कास सुजून घट्ट होते. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि वरून लावायला लेप सांगितला. कोरफडीचा गर, हळद आणि थोडा चुना. तो वाटायचं काम सुनेकडं आलं. सून निशिगंधा, ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये वाढलेली, म्हशीला लांबूनच नमस्कार करणारी. पण लेप मात्र ती झकास वाटायची. हळदीत चुना पडला की तो लेप कुंकवासारखा लाल होतो. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

पंधरा दिवसांत चंद्री बरी झाली. आणि त्याच सुमाराला एका सकाळी आंघोळ करून शालूबाई मंगळसूत्र सारखं करत होती, तेव्हा तिचा हात छातीच्या डाव्या बाजूला थांबला. बोटं पुढं गेली, परत आली. हरभऱ्याएवढं काहीतरी घट्ट लागत होतं. रोज कास चाचपणारी बोटं ती. त्यांना गाठ कळली नाही, असं कसं म्हणणार? तिनं दाबून पाहिलं. दुखलं नाही.

“दुखत न्हाई, म्हंजी कायबी न्हाई,” ती स्वतःशीच म्हणाली. मग मला उघडलं, आणि पदर रोजच्यापेक्षा दोन बोटं वर ओढून मला घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं जे केलं, ते आमच्या गवळ्याच्या घरातली बाईच करू जाणे. चंद्रीचा उरलेला लेप तिनं स्वतःला लावला. म्हशीची गाठ गेली, मग माझी का जाणार नाही, असा तिचा सरळ हिशेब. लेप संपला तसा ती न्हाणीघराचं दार लावून गुपचूप वाटू लागली. वर फडक्याची घडी, त्यावर ब्लाउज, त्यावर पदर, आणि सगळ्यावर पहारा करायला मी.

“आत्या, कुंडीतली कोरफड कोण कापतंय ओ?” निशिगंधानं एकदा विचारलं.

“मीच. तोंडाला लावतो. तुमी पोरी लावताय की.”

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, ‘मी जातो, मी करतो’. निशिगंधा हसली, आणि सासूबाईंना या वयात नटायची हौस आली म्हणून नवऱ्याला, यशराजला, सांगून आणखी हसली. मला मात्र हसू येईना. मला आतलं सगळं दिसत होतं. लेपानं कातडी पोळून सोलत चालली होती, आणि हरभऱ्याची सुपारी झाली होती.

तुम्ही म्हणाल, बाई घरी का बोलत नव्हती? तिला मरणाची भीती नव्हती असं नाही. पण त्याच्याही आधी तिला काळजी होती म्हशींची. गल्लीत एका घरी बाईचं दुखणं निघालं, तेव्हा महिन्याच्या आत त्या घरचा गोठा रिकामा झाला होता. कोण बघणार, कोण धार काढणार, म्हणून म्हशी बाजारात गेल्या. ती बाई बरी होऊन आली ती रिकाम्या दावणीसमोर बसली. शालूबाई तिला भेटायला गेली होती, मी गळ्यातच होते. घरी आल्याबरोबर ती गोठ्यात गेली आणि तिन्ही म्हशींची दावी चाचपून आली.

फाल्गुनात निशिगंधा एक कागद घेऊन आली. शहरातल्या काही बायकांनी मिळून बायकांची दौड ठरवली होती. स्तनांच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या बायकांसाठी. चंदगडाकडून, मलकापुराकडून कितीतरी जणी एसटीनं कोल्हापूरला येतात, त्यांना राहायला जागा नसते, उशाशी बसायला माणूस नसतं. दौडीत जे पैसे जमतील ते त्यांच्यासाठी. आणि दौड संपते तिथं तंबू, आत बाई डॉक्टर, ज्या कुणाला वाटेल तिनं तपासून घ्यावं.

“आत्या, तुम्ही येणार का? पळायलाच पाहिजे असं नाही, चाललं तरी चालतं.”

शालूबाईनं कागद हातात घेतला. तंबूचं चित्र होतं, त्यावर तिचा अंगठा बराच वेळ राहिला. “येतो की,” ती म्हणाली.

हंबीरराव बाहेरच्या सोप्यातून ओरडले, “म्हशीमागं पळून सराव झालाच हाय. पयला नंबर आण, न्हाईतर घरात घ्यायचो न्हाई.”

दौडीच्या सकाळी दसरा चौकात नुसत्या बायकाच बायका. नऊवारी, सहावारी, पंजाबी ड्रेस, बुरखा, कुणाच्या पायात बूट, कुणाच्या चपला. हलगी वाजत होती. प्रत्येकीला पांढऱ्या कापडावर छापलेला नंबर दिला होता, पण बायका आल्या जास्त आणि आणलेल्या पिना पडल्या कमी. आयोजक मुली कावऱ्याबावऱ्या झाल्या. तेव्हा बायकांनी आपापल्या मंगळसूत्राला हात घातला. काय सांगू मित्रांनो, आमच्या जातीचा एवढा मान मी कधी पाहिला नव्हता. शालूबाईनं मला काढून रीतीप्रमाणे जमिनीवर ठेवलं, निशिगंधानं उचललं, आणि दोनशे चौदा नंबर सासूच्या छातीवर डाव्या बाजूला माझ्या भरवशावर लावला. पुन्हा झाकायचंच काम, मी मनाशी म्हटलं.

बिंदू चौकापर्यंत शालूबाई चालली. मग यशराजच्या बुटांत पाय जरा रुळले आणि ती पळू लागली. दुतर्फा माणसं उभी होती. एक म्हातारा वाटेत सायकल आडवी घालून बघत होता, त्याला ती म्हणाली, “पावणं, बाजूला व्हा, न्हाईतर तुमालाबी नंबर लावतील.” लोक हसले. मिरजकर तिकटीपाशी घाम फुटला. रंकाळ्याचं पाणी दिसलं तेव्हा तिचा श्वास भात्यासारखा चालला होता, पण चेहरा फुलला होता. इतकी मोकळी मी तिला चार महिन्यांत पाहिली नव्हती.

मग तंबू आला.

तंबूबाहेर पाच-सहा बायका रांगेत होत्या. शालूबाई रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून वळली आणि ताकाच्या टेबलाकडे गेली. ताक प्याली, परत रांगेत आली. पुन्हा वळली. असं तीनदा झालं. मित्रांनो, मी तिच्या काळजाला टेकून होते, ते कसं उडत होतं ते मला विचारा. ती तिसऱ्यांदा ताकाकडे गेली तेव्हा मला कळलं की आता ही घरी जाणार.

तेवढ्यात अनुजा नावाची आयोजकांतली मुलगी ओरडली, “मावशी, रक्त!”

शालूबाईनं खाली पाहिलं. माझ्या भोवती, पांढऱ्या कापडावर, रुपयाएवढा लाल डाग उमटला होता.

“पिन टोचली वाटतं तुम्हाला,” अनुजा म्हणाली.

आणि शालूबाई, जिला मी तीस वर्षांत एकदाही टोचले नाही, ती शालूबाई म्हणाली, “व्हय गं. पिनच टोचली. जुनी झालीया, फेकून दिली पायजे.”

माझ्या जिवाला किती लागलं म्हणून सांगू. तोंड असतं तर तिथंच भांडले असते. चार बायका जमल्या, कुणी म्हणालं हळद लावा, कुणी म्हणालं धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. निशिगंधा धावत आली. “थांबा, मी काढते,” म्हणून तिनं मला उघडलं. माझं टोक उन्हात धरलं. टोक स्वच्छ होतं. तिनं नंबराचं कापड उलटं केलं, बोट लावलं, आणि नाकाशी नेलं.

हा वास तिच्या हाताला पाठ होता. वाटलेल्या कोरफडीचा, हळदीचा, चुन्याचा. घामानं फडकं भिजून लेप वर आला होता.

तिनं नंबराचं कापड मुठीत लपवलं. मग सासूला हाताला धरून तळ्याकाठच्या बाकावर घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “आत्या, चंद्रीची दगडी दिवाळीतच बरी झाली. मग हा लेप कुणाला लावताय?”

“कायबी न्हाई.”

“आत्या.”

“सांगितलं न्हवं, कायबी न्हाई.”

“कुठं आहे गाठ?”

शालूबाईनं पदर दोन्ही मुठींत धरला. तळ्याकडे बघत ती म्हणाली, “मला दवाखान्यात टाकतील, आन् म्हशी जातील. तिघीबी. त्यांना माझ्याबिगर कुणाचा हात चालत न्हाई. मी परत आलो तर कुणाकडं येऊ?”

“मी काढतो धार,” निशिगंधा म्हणाली. फ्लॅटमध्ये वाढलेली मुलगी, पण त्या घटकेला तिच्या तोंडून सासूचीच भाषा आली.

“तू? चंद्री लाथ घालंल.”

“घालू दे की.”

शालूबाई हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. निशिगंधानं तिचे डोळे पुसले आणि मला तिच्या हातात ठेवलं. जमिनीवर नाही, थेट हातात. शालूबाई म्हणाली, “अगं, भांडान हुईल.” निशिगंधा म्हणाली, “आज झालंच पाहिजे. चला.”

तंबूत डॉक्टर नुजहत होत्या. त्यांनी तपासलं, पोळलेली कातडी पाहिली, आणि रागावल्या नाहीत. “मावशी, हा लेप म्हशीसाठी आहे. आणि दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, अशी गाठ पुष्कळदा दुखतच नाही. गाठ म्हणजे कॅन्सरच, असं नसतं. पण तपासण्या केल्याशिवाय ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही.”

“म्हशीला गाठ लागली तर आमी एक दीसबी थांबत न्हाई, डाक्टरीणबाई,” शालूबाई म्हणाली.

“आणि स्वतःसाठी किती थांबलात?”

“दिवाळीपास्नं,” शालूबाईनं सांगितलं, आणि मान खाली घातली.

तपासण्या झाल्या. तो कॅन्सरच निघाला. उशीर झाला होता, पण हाताबाहेर गेलं नव्हतं. शस्त्रक्रियेच्या दिवशी नर्सनं मंगळसूत्र काढायला सांगितलं, तेव्हा शालूबाईनं मला सोडवून निशिगंधाच्या मंगळसूत्रात अडकवलं. दवाखान्याच्या बाकावर हंबीरराव बसले होते. दौडीवरून थट्टा करणारा तो माणूस धार काढायला तेवढा घरी जाऊन आला होता. संध्याकाळी म्हणाले, “निशा, चंद्रीनं दूध चोरलंय. सकाळपास्नं पान्हा सोडीना. दोन लाथा खाल्ल्या मी.”

दुसऱ्या दिवशी निशिगंधा गोठ्यात गेली. तिलाही लाथ बसली, भांडं उपडं झालं. ती घरात आली, दांडीवरचं सासूचं जुनं, न धुतलेलं लुगडं काढलं, कसंबसं नेसली, पदर डोक्यावरून घेतला आणि मला लावलं. मी तर शालूबाईच्या घामात तीस वर्षं मुरलेली. चंद्रीनं मान वळवली. आधी लुगडं हुंगलं, मग मला. तिचा गरम श्वास माझ्या अंगावर आला. मग तिनं मान सरळ केली, आणि कासेत पान्हा उतरला. पहिली धार भांड्यात वाजली तेव्हा निशिगंधा इतकी रडली की हंबीररावांना वाटलं, पुन्हा लाथ बसली.

तीन म्हशींपैकी एकही गेली नाही. शालूबाईचे केस गेले, वजन गेलं, सहा महिने तोंडाची चव गेली. कधी कधी ती चिडायची, ताट सारून द्यायची, निशिगंधाशी खरोखरच भांडायची. हातात दिलेल्या पिनेचा गुण, दुसरं काय. पण भांडणं ऐकू येणारी होती, आणि न्हाणीघराचं दार लावून घेण्यापेक्षा ती मला शतपट बरी वाटली.

यंदा दौड पुन्हा झाली. मी आता परत शालूबाईकडे आहे. डाव्या बाजूला पदर ठरत नाही, म्हणून मी लागतेच. या वेळी ती पळाली नाही. रंकाळ्यावर तंबूबाहेर, ताकाच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसली. एक बाई रांगेत उभी राहिली, वळली, ताकाकडे आली. पुन्हा गेली, पुन्हा वळली. हातात पदराचं टोक घट्ट धरलेलं. शालूबाई उठली.

“कुठनं आलासा?”

“चंदगडाकडनं.”

“ताक मागनं प्या, पावणीबाई. मीबी गेल्या साली तीन पेले प्यालो, कायबी उपयोग झाला न्हाई. चला, मी येतो संगं.”

त्या बाईच्या ब्लाउजाचा हूक तुटला होता. आत गेल्यावर परत येताना कसं करू, म्हणून ती घुटमळत होती, किंवा तसं सांगत होती. शालूबाईनं मला काढलं आणि तिच्या हातात दिलं. थेट हातात. मी तंबूत गेले आणि अर्ध्या तासानं त्या बाईबरोबर बाहेर आले. तिचं काय निघालं ते मी सांगणार नाही, ते तिचं आहे. पण ती आत गेली, आणि तिनं मला परतही केलं. पिन परत येत नाही म्हणतात, मी आले.

तर मित्रांनो, माझ्यावरचा आळ मी धुतला. त्या दिवशी मी टोचले नव्हते. टोचायला हवं होतं, असं मात्र आता वाटतं, चार महिने आधीच. नुसतं झाकत राहण्यात मी फार मोठेपणा मानला, ती माझी चूक. आज घरी गेलात की आईच्या गळ्यात, आजीच्या बांगडीत नीट बघा. माझी एखादी बहीण तिथं लटकत असेल. तिला काय काय माहीत आहे, ते ती तुम्हाला सांगणार नाही. म्हणून तुम्हीच जवळ जा आणि विचारा, “आई, तुझं काही दुखतंखुपतं का? कुठं काही लागतं का हाताला?” ती काम करता करता म्हणेल, “काही नाही.” सगळ्या आया तेच म्हणतात. तुम्ही तिथून हलू नका. पुन्हा विचारा.